क्राइस्टचर्च ते वेलिंग्टन : बंदुकीच्या एका मॅगझीनच्या मागावर सहा दिवस

दिवस पहिला : क्राइस्टचर्च

सुरुवात रोलस्टन अ‍ॅव्हेन्यूवरून करावी. बोटॅनिक गार्डनच्या कडेचा हा रस्ता १५ मार्च २०१९ ला शहरातल्या दोन मशिदींत झालेल्या गोळीबारानंतर कित्येक दिवस फुलांनी झाकलेला होता. इथून हॅगली पार्क आडवं ओलांडून पश्चिमेच्या डीन्स अ‍ॅव्हेन्यूवर निघायला रमतगमत पाऊण तास पुरतो. वाटेत हॅगली ओव्हल लागतं. १६ मार्चला इथे न्यूझीलंड-बांगलादेश तिसरी कसोटी सुरू व्हायची होती. आदल्या दिवशी मैदानावरची पत्रकार परिषद जरा लांबली आणि बांगलादेशच्या खेळाडूंची बस जुम्म्याच्या नमाजाला उशिरा निघाली. बस मशिदीजवळ पोचली तेव्हा आत गोळीबार झालेला होता. खेळाडू याच पार्कातून मैदानाकडे परतले. कसोटी रद्द झाली.

अल नूर मशिदीचा सोनेरी घुमट रस्त्यावरूनच दिसतो. आत जायचं असेल तर नमाजाच्या वेळा टाळाव्यात, पादत्राणं बाहेर काढावीत, स्त्रियांनी डोक्यावर ओढणी घ्यावी आणि विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. दुसरी मशीद, लिनवुडची, शहराच्या पूर्व बाजूला आहे. दोन्ही ठिकाणी मिळून ५१ माणसं मारली गेली. त्यांत गुजरात, तेलंगण आणि केरळमधून आलेलीही होती. हल्लेखोराचं नाव आपण उच्चारणार नाही, असं पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं होतं. या लेखातही ते नाही.

इथे उभं राहिल्यावर पहिला प्रश्न पडतो तो असा की त्याच्या हातात ती हत्यारं आली कशी. न्यूझीलंडच्या बंदूकधारकांमध्येही पहिल्या चोवीस तासांत हीच चर्चा होती, आणि उत्तर त्यांच्यातल्या जाणकारांना लगेच कळलं होतं. तेव्हाच्या कायद्यात साधा परवाना म्हणजे ‘ए’ वर्ग. लष्करी धाटणीच्या सेमी-ऑटोमॅटिकसाठी (बार निघाला की पुढची गोळी आपोआप चढणाऱ्या बंदुकीसाठी) ‘ई’ वर्गाची वेगळी मंजुरी लागे, आणि अशा प्रत्येक बंदुकीची पोलिसांकडे नोंद असे. पण बंदूक कोणत्या वर्गात मोडते हे बऱ्याच अंशी तिला जोडलेल्या मॅगझीनवर, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीवर, ठरायचं. सेंटरफायर (मोठ्या, जास्त ताकदीच्या काडतुसाच्या) सेमी-ऑटोमॅटिकला सात गोळ्यांचं मॅगझीन असेल तर ती ‘ए’ वर्गात. तिलाच मोठं मॅगझीन लावलं की तीच बंदूक ‘ई’ वर्गात. मोठं मॅगझीन मात्र सुटं विकत घ्यायला कुठलाच परवाना लागत नव्हता. म्हणजे कायद्याची सगळी भिस्त, माणूस ते मॅगझीन बंदुकीला लावणार नाही या विश्वासावर होती. हल्लेखोराकडे नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळालेला साधा ‘ए’ वर्गाचा परवाना होता.

१८ मार्चला इथल्या एका मोठ्या बंदूकविक्रेत्याने पत्रकारांना बोलावून सांगितलं की त्याच्या दुकानाने या माणसाला चार ‘ए’ वर्गाच्या बंदुका टपालाने विकल्या होत्या, आणि त्या पोलिसांनी पडताळलेल्या ऑर्डरवर विकल्या होत्या. ते खरं होतं. टपाल-खरेदीची रीतच तशी होती: गिऱ्हाईक फॉर्म भरून पोलीस ठाण्यात नेणार, पोलीस परवाना तपासून फॉर्म दुकानाला पाठवणार. फॉर्मवर परवाना तपासला जात होता. त्या घरात आजवर किती बंदुका साठल्या हे कुणीच तपासत नव्हतं, कारण ‘ए’ वर्गाच्या बंदुकांची नोंदवहीच नव्हती. तो भाग पाचव्या दिवशी येईल.

त्या आठवड्यात बंदूकधारकांचा एक सूर नव्हता. कुणी पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक आपणहून मोडीत देऊन आले. देशभर शाखा असलेल्या हंटिंग अँड फिशिंग या दुकानसाखळीने लष्करी धाटणीच्या बंदुका विकणं कायमचं बंद केलं, ट्रेड मी या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाने सेमी-ऑटोमॅटिकच्या जाहिराती काढून टाकल्या. त्याच दिवसांत काही दुकानांत उलटी गर्दीही झाली. बंदीआधी हाताला लागेल ते घेऊन ठेवावं अशी. म्हणूनच २१ मार्चला आर्डर्न यांनी बहुतेक सेमी-ऑटोमॅटिकवर बंदी जाहीर केली तेव्हा त्याच दुपारपासून लागू होणारा आदेश काढून या बंदुका एका झटक्यात ‘ई’ वर्गात टाकल्या. ही मधली पायरी महत्त्वाची होती. कायदा व्हायला तीन आठवडे लागले; आदेश नसता तर तेवढ्यात दुकानं रिकामी झाली असती.

दिवस दुसरा : घोडदौडीचं मैदान

क्राइस्टचर्चमधलं घोडदौडीचं मैदान पाहायला एरवी कुणी जाणार नाही. पण १३ जुलै २०१९ ला अशाच एका मैदानाच्या इमारतीत सरकारने बंदी घातलेल्या बंदुका मालकांकडून विकत घ्यायला पहिलं टेबल मांडलं. त्या एका दिवसात १६९ जण आले, २२४ बंदुका जमा झाल्या आणि ४ लाख ३३ हजार डॉलरहून जास्त रक्कम ठरली. पुढे देशभर अशी शेकडो शिबिरं भरली: सभागृहं, क्लब, मैदानं.

कामाची पद्धत अशी होती. आधी ऑनलाइन किंवा फोनवर हत्याराची माहिती द्यायची आणि संदर्भ क्रमांक घ्यायचा. ठरल्या दिवशी बंदूक रिकामी करून, पिशवीत किंवा पेटीत घालून गाडीच्या डिकीत आणायची. सोबत परवाना, ओळखपत्र, बँक खात्याचा क्रमांक. आत गेल्यावर सशस्त्र पोलीस पहिल्यांदा बंदूक रिकामी असल्याची खात्री करणार, मग पारखी यादीतला मॉडेल शोधून अवस्था ठरवणार. नवी किंवा नव्यासारखी असेल तर मूळ भावाच्या ९५ टक्के, वापरलेली असेल तर ७० टक्के, खराब असेल तर २५ टक्के. मालकाला रक्कम मान्य झाली की बंदूक हायड्रॉलिक दाबयंत्राखाली जायची आणि नळी व रिसीव्हर (यंत्रणा बसवलेला मधला सांगाडा) कायमचे वाकायचे. पैसे काही दिवसांत खात्यावर. दुसरी वाटही होती: मान्यताप्राप्त कारागिराकडून बंदूक कायद्यात बसेल अशी बदलून घ्यायची, त्यासाठी सरकार ३०० डॉलरपर्यंत देत असे.

वाद कुठे झाले? ७० आणि ९५ च्या मध्ये. कपाटात जपलेली, वर्षातून चारदा वापरलेली बंदूक ‘वापरलेली’ की ‘नव्यासारखी’? यादीतला भाव कारखान्यातून निघालेल्या बंदुकीचा. पण नेमबाजाने तिच्यावर वेगळी नळी, वेगळा चाप, हाताने घडवलेला दस्ता असा मूळ किमतीइतकाच खर्च केलेला. काही सुट्या भागांना भाव मिळाला, काहींना नाही. यादीत नसलेल्या दुर्मीळ वस्तूंसाठी स्वतंत्र मूल्यांकनाचा अर्ज करावा लागे. आणि बंदी घातलेल्या विशिष्ट काडतुसांची भरपाई मुळीच मिळाली नाही. परवानाधारकांची संघटना, कोल्फो, त्यासाठी उच्च न्यायालयात गेली आणि हरली.

या रांगेत उभ्या राहिलेल्यांच्या मनातली भावना मराठीत एका वाक्यात सांगता येते: चोर सोडून संन्याशाला फाशी. ज्याने गुन्हा केला तो तुरुंगात, आणि वीस वर्षं एकही नियम न मोडलेला माणूस पेटी उचलून रांगेत. त्यात भाव मात्र सरकारने ठरवलेला. ही तक्रार खोटी नाही. अर्धी मात्र आहे. उरलेला अर्धा भाग वेलिंग्टनला सापडतो.

२० डिसेंबर २०१९ ला मुदत संपली. ५६ हजारांहून जास्त बंदुका आणि १ लाख ८८ हजारांच्या आसपास सुटे भाग आले, सुमारे १० कोटी न्यूझीलंड डॉलर वाटले गेले. हे यश की अपयश? सांगता येत नाही, कारण देशात अशा बंदुका होत्या किती हेच माहीत नव्हतं. सरकारने मागवलेला अंदाज ५६ हजार ते १ लाख ७३ हजार असा होता. एवढ्या रुंद अंदाजावरून प्रत्येकाने आपल्याला हवा तो निष्कर्ष काढला. मुदत संपायला तीन आठवडे राहिले असताना आणखी एक घोळ झाला: नोंदणीच्या संकेतस्थळावर एका विक्रेत्याला इतर मालकांची नावं, पत्ते, खाते क्रमांक दिसू लागले. संकेतस्थळ तात्काळ बंद केलं गेलं. पण “यादी केली की ती फुटणार” असं म्हणणाऱ्यांना कायमचा पुरावा मिळाला.

जाता जाता: त्याच डिसेंबर महिन्यात भारतीय संसदेने १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्ती करून एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा घातली. जास्तीची बंदूक वर्षभरात जमा करायची होती. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही.

दिवस तिसरा : टेकापो, आओराकी

क्राइस्टचर्चहून जेराल्डीनमार्गे टेकापो सव्वादोनशे किलोमीटर. तळ्याच्या काठाने पुढे ट्वायझेल आणि उत्तरेला वळलं की आओराकी माउंट कुक. हा प्रवासातला सर्वांत देखणा दिवस, आणि बंदुकीच्या बाबतीत सर्वांत शांत.

इथल्या कड्यांवर ताहर आहे. आपल्या हिमालयातलं हे रानबकरं १९०४ साली याच डोंगरांत आणून सोडलं. ते इतकं माजलं की १९९३ च्या आराखड्याने संख्येची कमाल मर्यादा दहा हजार ठरवली. सरकारी जमिनीवर शिकारीचा परवाना ऑनलाइन आणि फुकट मिळतो. ताहरचे आणि हरणांचे शिकारी लांबून, एकेक नेमका बार काढतात. त्यांच्या हातात बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल असते: प्रत्येक बारानंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा, मॅगझीनमध्ये तीन ते पाच गोळ्या. नव्या कायद्याने या रायफलीला हात लावला नाही. म्हणून डोंगरातल्या शिकाऱ्यांमधून बंदीला विरोध कमी होता, आणि “मला इतक्या गोळ्या लागतात कशाला?” हे वाक्य त्यांच्याकडूनच पुष्कळदा आलं. सपाटीवरच्या स्पर्धा-नेमबाजांना हे सहकाऱ्यांनी वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटलं. लष्करी रायफलींच्या स्पर्धा खेळणाऱ्यांनी सवलत मागितली होती. ती नाकारली गेली आणि सेमी-ऑटोमॅटिकवरचा तो खेळ थांबला.

दिवस चौथा : ओमारामा ते वाइमाते

ट्वायझेल-ओमारामा अर्धा तास. तिथून वाइताकी नदीच्या खोऱ्याने कुरोवमार्गे समुद्राकडे उतरायचं आणि संध्याकाळी वाइमातेला मुक्काम. पेट्रोल ओमारामाला भरून घ्यावं, मधली गावं लहान आहेत.

या पट्ट्यात बंदूक हे शेतीचं अवजार आहे. वरच्या कोरड्या माळावर ससे, खाली वाइमातेच्या हंटर्स हिल्सवर वॉलबी. टास्मानियातून १८७४ मध्ये हौसेने आणलेला हा छोटा कांगारू आज मेंढ्यांचं गवत खातो. सशांनी शेतकरी किती टेकीला आला होता याचा अंदाज एका गोष्टीवरून यावा: सरकारने नकार दिल्यावर १९९७ मध्ये शेतकऱ्यांनी सशांच्या रोगाचा विषाणू चोरून देशात आणला आणि पसरवला.

म्हणून शेतकऱ्याचा प्रश्न ठोस होता. रात्री दिव्याच्या झोतात वॉलबींचा किंवा रानबकऱ्यांचा कळप सापडला की पहिल्या बारानंतर दोन-तीन सेकंदांत सगळे पांगतात. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये दुर्बिणीवरून डोळा न हलवता पुढचा बार निघतो; बोल्ट ओढताना नेम सुटतो, जनावर जखमी होऊन पळतं. एवढं असूनही शेतकऱ्यांच्या मोठ्या संघटनेने, फेडरेटेड फार्मर्सने, बंदीला पाठिंबा दिला. फिश अँड गेम या संस्थेनेही दिला. कारण कायद्याने शेताच्या बांधावरची हत्यारं नेमकी ओळखून बाजूला ठेवली होती. पॉइंट टू-टू रिमफायर (लहान काडतुसाची) सेमी-ऑटोमॅटिक, मॅगझीन दहापर्यंत असेल तर चालेल. बदकांसाठीची सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन, न निघणाऱ्या नळीच्या मॅगझीनमध्ये पाचपर्यंत काडतुसं असतील तर चालेल. पंप-अ‍ॅक्शन शॉटगनलाही (पुढचा दस्ता हाताने मागे-पुढे करायची) पाचचीच मर्यादा. सशाला टू-टू पुरते. वॉलबीला आणि डुकराला अपुरी पडते. तिथे उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना वेगळी मंजुरी ठेवली. स्वतःच्या रानात स्वतःच शिकार करणारा शेतकरी त्यात सहज बसत नव्हता, आणि ग्रामीण भागातला खरा राग या एका ओळीवर होता. २०२० च्या दुसऱ्या कायद्यात ही वाट थोडी रुंद केली गेली.

कोकणातल्या वाचकाला हे परकं वाटणार नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पीक संरक्षणाच्या परवान्यावर बंदुका आहेत, आणि निवडणूक लागली की त्या ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो, ऐन रानडुकरांच्या दिवसांत. हत्यार काढून घेणाऱ्याला कायदा-सुव्यवस्था दिसते, देणाऱ्याला उभं भात दिसतं.

दिवस पाचवा : ड्युनेडिन आणि आरामोआना

वाइमातेहून ओमारू आणि पुढे ड्युनेडिन, सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या वर. दुपारी पोर्ट चाल्मर्सवरून बंदराच्या उत्तर काठाने आरामोआनाला जावं. रस्ता पाण्याला चिकटून, वळणांचा. टोकाला वाळू, दगडी धक्का आणि समोर आल्बट्रॉसचं टायाआरोआ हेड. वस्ती इतकी लहान की सगळे सगळ्यांना ओळखतात. १३ नोव्हेंबर १९९० ला इथल्याच एका परवानाधारकाने शेजाऱ्याशी भांडण उकरून सेमी-ऑटोमॅटिकने १३ जणांना मारलं. त्यांत सार्जंट स्ट्युअर्ट गथ्री होते. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

१९८३ च्या कायद्याने बंदुकांची जुनी नोंद सोडून दिली होती, कारण कागदी नोंदवहीत चुका फार होत्या. त्याऐवजी माणसाला परवाना, तोही आजन्म. आरामोआनानंतर १९९२ मध्ये आजन्म परवाना जाऊन दहा वर्षांचा, फोटो असलेला आला आणि ‘ई’ वर्ग जन्मला. पहिल्या दिवशी पाहिलेली ती मॅगझीनची फट याच दुरुस्तीत पडली. १९९७ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती थॉमस थॉर्प यांनी सविस्तर अहवाल दिला: लष्करी धाटणीच्या सेमी-ऑटोमॅटिक भरपाई देऊन काढून घ्या आणि प्रत्येक बंदुकीची नोंद ठेवा. अहवाल कपाटात राहिला.

ड्युनेडिनचा संबंध इथेच संपत नाही. २०१९ चा हल्लेखोर याच शहरात राहत होता, परवाना त्याला इथेच मिळाला. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाच्या डिसेंबर २०२० च्या अहवालाने परवाना देण्यातली चूक स्पष्ट लिहिली आहे. अर्जदाराला चांगलं ओळखणाऱ्या जवळच्या नातेवाइकाची समक्ष मुलाखत घ्यायची असते. त्याची बहीण ऑस्ट्रेलियात होती. तिच्याऐवजी ऑनलाइन खेळातून ओळख झालेला एक मित्र आणि त्या मित्राचे पालक यांच्या सांगण्यावर काम भागवलं. जुलै २०१८ मध्ये घरात त्याच्याच रायफलीची गोळी सुटून तो जखमी झाला, रुग्णालयात गेला. पोलिसांना कळलं नाही, कळवण्याची तरतूदच नव्हती.

हा अहवाल आल्यावर परवानाधारक म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो: कायदा पुरेसा होता, अंमल कच्चा होता. दुसरा भाग आयोगाने मान्य केला आहे. पहिला टिकत नाही. मुलाखत चोख होऊन परवाना नाकारला असता तर हा माणूस थांबला असता. पुढचा, ज्याच्यात मुलाखतीला काही दिसलं नसतं, तो सुट्या मॅगझीनपर्यंत तितक्याच सहज पोचला असता.

दिवस सहावा : वेलिंग्टन

ड्युनेडिनहून विमानाने साधारण सव्वा तास. संसदेची इमारत आणि तिला लागूनची बीहाइव्ह, म्हणजे मंत्र्यांच्या कार्यालयांची इमारत, पाहायला मार्गदर्शकासह फेऱ्या असतात. पिशव्या तपासणीत ठेवाव्या लागतात.

१० एप्रिल २०१९ ला इथे बंदीचं विधेयक ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं. एकमेव विरोध अ‍ॅक्ट पक्षाचे डेव्हिड सीमोर यांचा. घाई झाली, हा आक्षेप बंदूकधारकांनी सर्वांत जास्त घेतला, आणि तो नोंदवायला हवा: जनतेला निवेदनं द्यायला दोन दिवस मिळाले. तेवढ्यात १३ हजारांवर निवेदनं आली. साधारण ६० टक्के बाजूची, पाव हिस्सा विरोधातली.

पण त्याआधीचं पान उलटावं लागतं. २०१६-१७ मध्ये याच इमारतीत संसदीय समितीने बेकायदा बंदुकांची चौकशी करून २० शिफारशी केल्या होत्या. परवानाधारकांनी जोरदार मोहीम चालवली, आणि जून २०१७ मध्ये तेव्हाच्या पोलीसमंत्री पॉला बेनेट यांनी सातच स्वीकारल्या. तेव्हा संघटनांनी तो विजय म्हणून साजरा केला. बंदुकीतलं खोलवर कळणारी, मॅगझीनची फट सर्वांत आधी ओळखणारी माणसं त्यांच्यातच होती. ती फट बुजवण्याचा सभ्य, सावकाश मार्ग त्यांना उपलब्ध होता आणि त्यांनी तो बंद केला. मग २०१९ मध्ये दोन दिवसांची मुदत वाट्याला आली. दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीचा उरलेला अर्धा भाग तो हा.

जून २०२० च्या दुसऱ्या कायद्याने नोंदवही आणली, पहिला परवाना पाच वर्षांचा केला, क्लब आणि नेमबाजीच्या मैदानांवर नियम घातले. गावातल्या लहान क्लबांना ही कागदपत्रं झेपेनात, आणि २०२३ नंतर आलेल्या सरकारने ते नियम सैल करायला घेतले. त्या कामाच्या मंत्री निकोल मॅकी. २०१९ मध्ये त्याच कोल्फोच्या प्रवक्त्या होत्या.

नोंदवही २४ जून २०२३ ला सुरू झाली. ती ते तारी पुरेके या बंदूक सुरक्षा प्राधिकरणाकडे आहे. पोलीस ठाण्यात जायची गरज नाही. ऑनलाइन किंवा फोनवर परवाना क्रमांक देऊन प्रत्येक बंदुकीची कंपनी, मॉडेल, कॅलिबर (नळीचं माप) आणि अनुक्रमांक भरायचा. अनुक्रमांक बहुतेक वेळा रिसीव्हरवर असतो, जुन्या शॉटगनमध्ये कधी कधी दस्ता आणि नळी सुटी केल्यावरच दिसतो. आकडा चुकण्याचं एक कारण तेच. बंदूक घेतली, विकली, परवाना बदलला की ३० दिवसांत नोंद बंधनकारक. काहीच घडलं नाही तरी पाच वर्षांची मुदत. २०१९ ची ती फुटलेली यादी अजून लोकांच्या लक्षात आहे, आणि २०२२ मध्ये ऑकलंडच्या रिकाम्या जुन्या पोलीस ठाण्यातून परवानाधारकांचे कागद चोरीला गेले तेही. म्हणून पुष्कळ जण शेवटच्या तारखेची वाट पाहत आहेत. १९८३ मध्ये मिटवलेला प्रत्येक अनुक्रमांक आता पुन्हा, एकेक दस्ता खोलून, लिहिला जातो आहे.